पेडलांवरून काढलेले पाय

आमच्या शेतावर उतरणारी वाट उभी आणि मुरमाड आहे. काल जीप माझ्या मुलीने, सईने, चालवायला घेतली. उताराच्या तोंडाशी थांबून तिने छोटा दांडा फोर-लोमध्ये, म्हणजे चारही चाकं सावकाश पण जोरात फिरवणाऱ्या गिअरमध्ये टाकला, पहिला गिअर घातला, क्लच सोडला आणि दोन्ही पाय पेडलांवरून काढून खाली ठेवले. बरोबरच होतं. अशा उतारावर गाडीला इंजिनच धरून ठेवतं. क्लच दाबला की ती सुटते, ब्रेक दाबला की चाकं घसरतात. हे तिला मीच शिकवलं.

शेजारी बसून ते पाहणं मात्र मला जमेना. इंजिन घुरघुरत होतं, गाडी माणसाच्या चालीने उतरत होती, माझ्या बाजूला दरी होती आणि माझा पाय चटईवर नसलेला ब्रेक दाबत होता. पाहुणे उठायच्या आत त्यांच्या चपला सरळ करून ठेवणारी बाई मी. काही न करणं हेसुद्धा एक काम आहे, हे दुसऱ्याला सांगायला फार सोपं असतं.

मध्येच गाडीची मागची बाजू दरीकडे सरकली.

"सई, ब्रेक मार."

"आई, तू गप्प बस."

तिने ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरला हलकेच पाय लावला. अडून घसरणारी चाकं पुन्हा फिरली, त्यांनी जमीन धरली, गाडी सरळ झाली.

"तुझं ऐकलं असतं तर दोघी खाली असतो," ती शांतपणे म्हणाली.

खरं होतं. अजून अर्धा उतार बाकी होता. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले.