नृसिंह सरांचा अकराचा तास

आमच्या राजूरच्या कॉलेजात प्राचार्य बदलले, अभ्यासक्रम बदलले, पण नृसिंह सरांचा तास अकराचाच राहिला. तोही मोठ्या हॉलमध्ये, जिथे वारं खेळतं. तिसऱ्या वर्षाची आठ-दहा पोरं समोर घेऊन सर भाषाविज्ञान असं शिकवायचे, की शेवटच्या बाकापर्यंत आवाज घुमावा. शेवटच्या बाकावर कोणी नसायचंच, ती गोष्ट वेगळी. अकराच का, तर सकाळी त्यांची पूजा. अभिषेक, आरती, नैवेद्य, सगळं साग्रसंगीत. मुलीच्या लग्नातही या पूजेपायी वऱ्हाड ताटकळलं होतं म्हणतात.

यंदा विद्यापीठानं नवा अभ्यासक्रम आणला. विषय वाढले, खोल्या तेवढ्याच. वेळापत्रकाचं घोंगडं माझ्या गळ्यात पडलं आणि पहिल्या वर्षाचा सक्तीचा विषयही मलाच मिळाला, शंभरावर पोरांचा. एवढा वर्ग मावेल असा हॉल एकच, आणि तो रिकामा फक्त सकाळी आठला. मी भीत भीत विचारलं, "सर, अकराचा हॉल सोडता का?"

"निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. तेवढं सोसा मला," म्हणाले आणि पानाचा डबा उघडला. विषय संपला. मीही आठ लिहून मोकळा झालो.

वेळापत्रक लागलं आणि दोन दिवसांनी स्टाफरूमच्या दारात बन्सीभाऊ येऊन उभे राहिले. डोंगरावरच्या वाडीतले शेतकरी. त्यांची रेश्मा पहिल्या वर्षाला.

"सर, पोरीचा दाखला द्या."

"का हो?"

"पयली येस्टीच हितं दहाला येती. आठाच्या तासाला पोरीला अंधारात डोंगर उतरवून लावू व्हय? आन् हजेरी न्हाई भरली तर परीक्षेला बसू देत न्हाईत म्हन्त्यात. मंग नाव ठिवून काय उपेग? लई हौस हाय हो तिला शिकायची. कालपास्नं जेवली न्हाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोपऱ्यात सर सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला.

"दाखला वगैरे काही नको," सर म्हणाले. "रेश्माला अकराला पाठवा. आठला मी येतो. माझी पोरं इथंच वसतिगृहात असतात, उठतील गाढवं."

"आणि पूजा?" माझ्या तोंडून निघूनच गेलं.

"देव घरातच असतो. त्याला एसटी धरायची नसते."

घरी सरोजिनीवहिनींनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. "माझ्या माहेरची माणसं आली तरी तुमचा देव कधी थांबला नाही, आणि आता बरा थांबतो!" हे सरांनीच मला सांगितलं, हसत हसत.

सोमवारी सर आठला हजर. डोळे तांबारलेले, पण आवाज तोच. अकराला हॉल गच्च भरला आणि मी हजेरी घेऊ लागलो. त्यांचा आठचा तास कधीच संपला होता, तरी सर समोरच्या व्हरांड्यात खांबाला टेकून उभेच. मी रेश्माचं नाव घेतलं.

"हजर, सर!" शेवटच्या बाकावरून ती एवढ्या जोरात ओरडली, की सगळा वर्ग हसला.

सरही हसले. मग छत्री उचलून देवाला आंघोळ घालायला घरी निघाले.