संत ग्रेगरींच्या तीस मिस्सा आणि लोंढ्याची वाट

निपाणीत माझे चित्रकलेचे वर्ग चालतात आणि वर्गाच्या भिंतीला लागूनच इनासचे शिवणकामाचे दुकान आहे. वैशाखाच्या सुट्टीत एके दिवशी त्याने यंत्रावर कापड झाकले आणि म्हणाला, "मास्तर, गावाकडं निघालो. उद्या बाबाची तिसावी मिस्सा हाय." इनास ख्रिस्ती, मिस्सा म्हणजे त्यांच्या पाद्रीने म्हणायची उपासना. त्याचे गाव लोंढ्याच्या पलीकडे, जंगलात. ते जंगल मी पाहिले नव्हते. कागद-पेन्सिली पिशवीत टाकल्या आणि त्याच्याबरोबर निघालो. धर्माची चौकशी करायला मी गेलो नव्हतो हे आधीच सांगतो. मला झाडे काढायची होती.

लढाईमुळे पेट्रोल मिळत नाही, त्यामुळे हल्ली मोटारी कोळशाच्या गॅसवर चालतात. गाडीच्या पाठीला भट्टी बांधलेली असते. जाणाऱ्याने पुढची जागा धरावी. मागे बसणारा बेळगावात उतरतो तेव्हा घरचे ओळखणार नाहीत असा काळा झालेला असतो. स्तवनिधीच्या घाटात गाडीने मान टाकली. आम्ही सगळ्यांनी उतरून ती ढकलली, म्हणजे भाडेही आमचे आणि बैलही आम्हीच. संकेश्वरला बराच वेळ थांबा असतो. तिथे भजी गरम मिळतात, चहा मात्र गुळाचा. तांदूळ आपला आपण न्यावा, रेशनमुळे परगावच्या माणसाला कोणी वाढत नाही.

भजी खाता खाता इनासला विचारले, तिसावीच का?

इनासचे वडील रेल्वेत होते. नोकरी संपल्यावर गावी शेती बघत होते आणि सव्वा महिन्यापूर्वी बांधावर बसल्या जागी गेले. शेवटची प्रार्थना म्हणायला पाद्री पोचायच्या आत गेले, ही त्यांच्या घरातली खरी बोच. "आमच्यात एक पोप होऊन गेले, थोरले ग्रेगरी," इनास म्हणाला. "तेराशे वर्सं झाली असतील. त्यांच्या मठात एका साधूनं नेम मोडून मोहरा लपवल्या आन् तसाच मेला. पोपांनी रागानं त्याला उकिरड्यात पुरायला लावलं. मग त्यांनाच वाईट वाटलं. म्हणाले, ह्याच्यासाठी रोज एक मिस्सा म्हणा, तीस दिवस, एक बी खाडा न करता. तिसाव्या दिवशी तो साधू भावाच्या सपनात आला, म्हणाला, आता बरा हाय मी. तवापासनं आमच्यात ही रीत."

"आणि खाडा पडला तर?"

"पयल्यापासनं."

बाबांचे नाव घेऊन त्याची आई रोजाबाई महिनाभर रोज इगर्जेत, म्हणजे त्यांच्या देवळात, पहाटे जाऊन बसत होती. घरात ती एकटीच. इनास तिला निपाणीला न्यायला तयार होता, पण तीस पुऱ्या झाल्याशिवाय ती गाव सोडणार नव्हती.

बेळगावात मोटार थांबते तिथे इनासचा चुलतभाऊ बावतीस उभा होता. त्याचा चेहरा बघूनच इनासने विचारले, "काय झालं?"

"पाद्रीबाबांना हिवताप भरलाय. आज एकोणतिसावी कशीबशी म्हटली आन् तिथंच खाली बसले. उद्या उठायचे न्हाईत."

पावसाळा तोंडावर होता. एकदा ओढे भरले की त्या गावची वाट बंद होते, मग पाद्रीही तिथे नसतात. परत पहिल्यापासून मोजायचे तर ते दिवाळीनंतर, आणि तोवर बाबा कुठे अडकून राहणार, हा विचार रोजाबाईला जाळत राहणार. मी त्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा नाही. पण इनासचा हात पिशवीच्या बंदाला पीळ देत होता, तो बघून मीच म्हणालो, दुसरा पाद्री शोधू.

बावतीस गावाकडे परतला, लोंढ्याला बैलगाडी घेऊन येतो म्हणाला. आम्ही दोघे पाद्री शोधायला लष्कराच्या कॅम्पात गेलो. कॅम्प बघण्यासारखा आहे, झाडांच्या सरळ रांगा आणि सगळीकडे गोरे सोल्जर. चुकून आधी गोऱ्यांच्या प्रॉटेस्टंट चर्चमध्ये शिरलो. तिथे झाडलोट करणारा दानियल म्हणून मराठी ख्रिस्ती भेटला. ग्रेगरींचे नाव काढताच त्याने मान डोलावली. "आमच्या पुस्तकातल्या पंचांगात बी हाईत की ते, मार्चात. इंग्रजांच्या मुलखात धर्म शिकवायला त्यांनीच माणसं धाडली. पर मेलेल्यासाठी मिस्सा आमच्यात न्हाय बगा. मेला त्यो देवाच्या हातात गेला." मग त्याने कॅथलिक इगर्जेची वाट नीट दाखवली.

तिथले पाद्री कामांत अडकलेले. एक गोव्याला गेलेले, दुसऱ्यांना लष्करी इस्पितळ सुटत नव्हते. मागच्या खोलीत मात्र एक म्हातारे पाद्रीबाबा होते, काम सोडून विश्रांतीला आलेले, गुडघ्याला फडके बांधलेले. इनासने सांगितलेले त्यांनी ऐकून घेतले आणि काठी शोधू लागले.

दुपारच्या गाडीने लोंढ्याला निघालो. खानापूर सोडले की हवा बदलते, सागाची आणि किंजळाची झाडे डब्याला घासत जातात. पाद्रीबाबा खिडकीशी बसून ग्रेगरींबद्दल बोलत होते, जसे आपण गावातल्या एखाद्या जुन्या पाटलाबद्दल बोलतो. बारा मार्चला त्यांचा दिवस असतो, पण तो नेहमी ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत येतो, त्यामुळे गोडधोड नाही. ग्रीक ख्रिस्ती उपासाच्या दिवसांतल्या एका उपासनेला त्यांचेच नाव देतात. एवढा मोठा माणूस, पण स्वतःला देवाच्या चाकरांचा चाकर म्हणवून घ्यायचा, असे सांगताना ते खुशीत हसले.

लोंढ्याला उतरलो तेव्हा दिवस मावळत होता. पुढच्या वाटेवर अस्वले असतात, म्हणून स्टेशनावरच मुक्काम केला. जाणाऱ्याने मच्छरदाणी आणि हिवतापावरचे कोयनेल बरोबर ठेवावे. आम्ही पेज आणि लोणचे खाल्ले. पाद्रीबाबांनी दोन वाट्या पेज घेतली आणि वर पोटभर पाणी प्यायले. मला वाटले, म्हातारा तब्येतीने जेवतो. कारण मला सकाळी कळले.

उजाडताच बावतीसची बैलगाडी निघाली आणि निम्म्या वाटेवर, ओढ्यातल्या दगडांत, तिचे चाक मोडले. चारच घरांची वस्ती जवळ होती, पण तिथले बैल आणि गाड्या लग्नाच्या वऱ्हाडाला गेलेल्या. बावतीस चाकापाशी राहिला आणि आम्ही चालू लागलो. वैशाखातले ऊन जंगलातही झाडांच्या मधून भाजते. पाद्रीबाबांचे ओठ पांढरे पडले होते.

वस्तीतल्या पहिल्या घरापुढे एका बाईने आम्हाला बसवले आणि तांब्याभर पाणी, गुळाचे खडे पुढे ठेवले. मी घटाघटा प्यायलो. पाद्रीबाबांनी हात जोडले आणि तांब्या परत सारला. बाईने तांब्याकडे बघितले, मग त्यांच्याकडे. या भागात पाणी नाकारण्याचा एकच अर्थ होतो.

"आमच्या हातचं पानी चालत न्हाय व्हय बाबाला?"

इनास घाईने म्हणाला, "तसं न्हाय गं आक्का. मिस्सा म्हणायची असली की मध्यान्रातीपासनं काय बी घेत न्हाईत. थेंब बी न्हाय. घेतला तर आज ह्यांना मिस्सा म्हणता येत न्हाय. माझ्या बाबाची हाय."

"एकादशीला बी पानी चालतंय की रं."

"ही निर्जळी हाय."

"मग निर्जळी म्हण की आदी! उगा माझा जीव जाळलास." ती आत गेली, एक पंचा पाण्यात बुडवून आली आणि पाद्रीबाबांची टोपी काढून तो त्यांच्या टकलावर थापला. "पोटात चालत न्हाय, डोस्क्यावर चालंल न्हवं?"

पाणी कपाळावरून, नाकावरून ओघळू लागले आणि पाद्रीबाबांनी ओठ असे घट्ट मिटले की मला हसू आवरेना. एक थेंब आत गेला असता तर इनासच्या बाबाचे एकोणतीस दिवस वाहून गेले असते. तिथून गावापर्यंत ते तोंड मिटून, नाकाने श्वास घेत चालले. काही विचारले तर काठीने उत्तर देत. दोनदा खाली बसले. दुसऱ्यांदा बसले तेव्हा इनासने त्यांना पाठीवर घेतले. तेव्हा मात्र मला हसू आले नाही.

इगर्ज लहान आहे, चुन्याची, लाकडी घंटाघराची. आत एका भिंतीवर ग्रेगरींचे चित्र होते. डोक्यावर उंच मुकुट, हातात लेखणी, आणि कानाशी कबूतर. कबूतर म्हणजे देवाचा आत्मा, तो सांगतो आणि हे लिहितात, असे इनासने सांगितले. चित्रकाराने कबूतर कमी आणि कोंबडी जास्त काढली होती. पण लेखणी धरलेला हात फार चांगला काढला होता, लिहिता लिहिता थांबलेला.

रोजाबाई पहाटेपासून गुडघ्यांवर होत्या. आम्ही दारात दिसलो तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिले आणि पुन्हा पुढे वळल्या, एवढेच. पाद्रीबाबांनी काळी वस्त्रे घातली. सगळे लॅटिनमध्ये, मला काही कळले नाही. मी मागे उभा राहून खांबांची रेखाटने मनात करत होतो. मधे एकदा त्यांचा आवाज बसला आणि सगळी इगर्ज थांबली. मीही श्वास धरून उभा होतो, हे नंतर लक्षात आले. मग आवाज परत आला आणि मिस्सा पुरी झाली. पाद्रीबाबा बाहेर पायरीवर बसले आणि तांब्यामागून तांब्या पाणी प्यायले.

घरी माणसे जमली. "सुटले," जो तो रोजाबाईंना म्हणत होता. त्या मान हलवून सगळ्यांना कॉफी देत होत्या. माणसे पांगल्यावर ओट्यावर येऊन बसल्या.

"माय, आता चल निपाणीला," इनास म्हणाला.

"येते." थोड्या वेळाने त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मास्तर, म्हयनाभर रोज उठून त्यांच्यासाठी काहीतरी करत होते. जेवण करत होते तसंच. आता त्यांना माझ्याकडनं काय नको. लोक म्हणतात, जाऊन सव्वा म्हयना झाला. मला ते आज गेले." आणि पदर तोंडाला लावून रडू लागल्या. इनास म्हणाला, बाबा गेल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती. तोंड फिरवून मी अंगणातल्या फणसाकडे बघत बसलो.

परतीचा प्रवास ठरल्याप्रमाणे झाला, म्हणजे घाटात पुन्हा गाडी ढकलली. झाडांची रेखाटने जेमतेम तीन झाली, तीही काही खास नाहीत. जंगल बघायला जाणाऱ्याने माघातच जावे, ऊन कमी असते आणि ओढ्यांना पाणीही असते. माझे म्हणाल तर मी आजही मेलेल्याचे काय होते हे सांगू शकत नाही. माझ्या वडिलांचे तेराव्याला सगळे आटोपून मी चौदाव्या दिवशी वर्गात फळा पुसत होतो. ते मला तेव्हा बरोबर वाटले होते. आता तितके खात्रीने वाटत नाही.

रोजाबाई इनासकडे आल्या त्याला दोन-तीन दिवस झाले असतील. निपाणीत त्यांची इगर्ज नाही. पहाटे माझी बायको सडा घालायला बाहेर गेली, तर शेजारच्या अंगणात रोजाबाई डोक्यावर पदर घेऊन, पायात वहाणा घालून उभ्या. मला आतून दोघींचे बोलणे ऐकू येत होते.

"कुठं निघालासा एवढ्या लवकर?"

"कुठं न्हाय गं. आज चौतिसावा."

बादली खाली ठेवल्याचा आवाज आला.

"थांबा," बायको म्हणाली, "मी बी येते."