पक्व की अपक्व

माझ्या वहिनीचं काम लोकांना समजावून सांगणं ही एक डोकेदुखी आहे. "संग्रहालयात असते" म्हटलं की समोरचा विचारतो, "तिकीट खिडकीवर?" नाही हो. बाटल्यांत ठेवलेले मेलेले कोळी ओळखते. तेही सगळे नाहीत, गोल जाळं विणणारे तेवढेच. इथवर आलं की समोरचा विषय बदलतो. खरं सांगायचं तर त्याच्या जागी मी असतो तर मीही बदलला असता.

नऊ वर्षं ती तिथे हंगामी होती. यंदा कोळ्यांच्या विभागात एक जागा कायमची भरणार होते, आणि तिला ती हवी होती. इतकी, की महिनाभर तिने घरात दुसरा विषय काढला नाही. परीक्षा अशी: ऐंशी बाटल्या, नऊ दिवस, छापील तक्ता हाताने भरायचा आणि खाली सही करून द्यायचा. संग्रहालयाच्या छताची दुरुस्ती चाललेली, म्हणून बाटल्या आणि सूक्ष्मदर्शक आमच्या जेवणाच्या टेबलावर आले. आई आणि मी नऊ दिवस मांडीवर ताटं घेऊन जेवलो. दादा कामासाठी परगावी होता. मी पाय मोडून प्लास्टरमध्ये. म्हणजे लिहायला मीच सापडलो.

ती सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून सांगणार, मी तक्त्यात भरणार. पहिल्याच दिवशी तिने बजावलं, "भावजी, काम चालू असताना मला हात लावायचा नाही. हातात सुई असते. धक्का लागून कोळ्याचा पाय तुटला की संपलंच."

"माझा तुटलाय त्याचं कुणाला काही नाही," मी म्हटलं. ती हसली नाही.

बागेत तिला कोळी दुरूनही ओळखता येतो. जाळ्याच्या मधोमध पांढरी नागमोडी रेघ असली की एक, कचऱ्याची ओळ लावून तिच्यातच दडून बसलेला असला की दुसरा, पाठीवर काटे असले की तिसरा. पण बाटलीत जाळं नसतं, आणि स्पिरिटमध्ये रंग उडून सगळे चहाच्या चोथ्यासारखे दिसतात. मग मादीच्या पोटाखालची मोहरीहून बारीक खूण बघायची, नराच्या तोंडापुढच्या दोन आखूड पायांची फुगलेली टोकं बघायची. कोळी वयात आलेला नसेल तर यातलं काहीच तयार झालेलं नसतं. तेव्हा "अपक्व" लिहायचं आणि जातीचा रकाना रिकामा सोडायचा. उगाच अंदाजाने नाव ठोकून द्यायचं नाही. हे सगळं तिने मला समजावलं होतं. मी मान डोलावली होती.

आणि वरच्या मजल्यावर फरशा बदलायला सुरुवात झाली. सकाळी नऊला कटर सुरू व्हायचा तो संध्याकाळी सहापर्यंत. दात शिवशिवायचे. वहिनीने शांतपणे आपले हेडफोन कानांवर चढवले. बाहेरचा आवाज कापणारे ते हेडफोन तिच्या डोक्यावर वर्षभर होतेच. भाजी चिरताना, इस्त्री करताना, बसमध्ये, कुठेही. "सुनेच्या कानांना झाकणं बसवलीत," असं आई म्हणायची. ते चढवले की वहिनीशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. आता तर तिच्याकडे शांतता आणि माझ्याकडे कटर, अशी वाटणी झाली. माझं डोकं भणाणून जाई.

त्यात ती हळू बोलायची. वर कटर किंचाळतोय आणि ही आपली देवघरात असल्यासारखी, "एकेचाळीस, अपक्व. जात रिकामी." मला ऐकू यायचं, "एकेचाळीस, ...पक्व."

"काय? पक्व की अपक्व?"

उत्तर नाही. डोळे सूक्ष्मदर्शकात.

"वहिनी! पक्व की अपक्व?"

"बेचाळीस," ती म्हणाली. माझ्या तळपायाची आग प्लास्टरमधून वाट काढत मस्तकात गेली. हात लावायची बंदी, हाक मारून उपयोग नाही. ऐकू आलं ते लिहिलं, पुढेही तेच करत गेलो. जात रिकामी आहे तर कोळी पक्व कसा, एवढं डोकं चालवलं असतं तरी पुरे होतं. पण माझं डोकं तेव्हा रागवण्यात गुंतलं होतं.

दुपारी कटर जेवणापुरता थांबला होता. आई वाट्या उचलायला आली तेव्हा मी टेबलाशी बसूनच तिला म्हटलं, "एवढा जिवाचा आटापिटा चाललाय, पण ही जागा हिला मिळत नाही, लिहून ठेव." आई म्हणाली, "मिळून तरी काय उपयोग? कोळीच ना." वहिनीने पुढची बाटली उघडली.

शेवटच्या दिवशी तिने तक्ता तपासला. लॅटिन नावं एकेक अक्षर लावून पाहिली, कारण त्यात माझ्यावर तिचा काडीचा भरवसा नव्हता. मराठी रकाने पाहिले नाहीत. मराठी काय तपासायचं? सही केली आणि तक्ता देऊन आली.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. सतरा बाटल्यांतल्या पिल्लांपुढे "पक्व" लिहिलेलं. परीक्षकाचा शेरा एका ओळीचा होता: उमेदवाराला वयात आलेला कोळी आणि पिल्लू यांतला फरक कळत नाही. नऊ वर्षं हेच काम केलेल्या बाईला! जागा दुसऱ्याला गेली. मी कुबड्या घेऊन संग्रहालयात गेलो, चूक माझी आहे म्हणून सांगितलं. तिथला कारकून म्हणाला, "सही त्यांची आहे ना?"

घरी आलो तर वहिनी टेबल पुसत होती. हेडफोन कानांवरच. मी हाताने खुणा करायला लागलो.

"बोला," ती म्हणाली. "येतंय ऐकू."

"मी तुला विचारलं होतं, वहिनी. दोनदा विचारलं. पण तुझ्या कानांवर हे..."

"ऐकलं होतं मी." तिने फडकं पिळलं. "याने मशीनची घरघर जाते, भावजी. माणसाचा आवाज कमी होतो, पण येतो."

"मग उत्तर का नाही दिलंस?"

"वर कटर चालू, शब्द नीट कळले नाहीत. चढा आवाज तेवढा कळला. वाटलं, तुमची नेहमीची कुरकुर असेल. मीच मूर्ख. एकदा मान वर केली असती तर काय बिघडलं असतं?"

आई दारात उभी होती. तिने दबकत विचारलं, "म्हणजे ते घातलेलं असताना तुला आमचं बोलणं ऐकू येतं?"

"वर्षभर येतंय," वहिनी म्हणाली, आणि टेबलाचा उरलेला कोपरा पुसायला वळली.