राईतला लोखंडी मनोरा

पानशेतच्या वरच्या अंगाला आमची देवराई होती. तिच्यातली वाळकी काटकीही कुणी चुलीला नेत नसे. तरी पुण्याच्या कॉलेजातल्या सरांसाठी वडिलांनी देवाला कौल लावला आणि गावानं त्यांना तिथं लोखंडी मनोरा उभारू दिला. झाडांच्या शेंड्यांवरून हवेत किती उष्णता, किती वाफ जाते, ते मोजायचं होतं. वर चढून, वाफ मोजायला तापमापकाच्या टोकाला गुंडाळलेली कापडी वात ओली ठेवायचं काम माझं. "या आकड्यांनीच राई वाचेल," सर म्हणायचे.

पुढं तेच आकडे प्लॉटच्या जाहिरातीत दिसले. पुण्याहून थंड हवा! राई तुटली. पहिला बंगला सरांनीच बांधला.

वडील म्हणाले, "आता म्या कुठल्या तोंडानं देवापुढं जाऊ?"

दुसऱ्याच उन्हाळ्यात सरांनी एसी बसवला. हितं उकाडा वाढलाय म्हणे!