जाते म्हणू नये

या गं, अशा जवळ सरकून बसा. लांबून बोललेलं मला ऐकू येत नाही, आणि ओरडून सांगायची मला सवय नाही. आधी थोडं रागावते. या सदरातले तुमचे अनुभव मी चष्मा पुसून पुसून वाचते, पण काय हो, सगळ्यांची भुतं रात्री बारालाच कशी येतात? अमावस्या, कुत्र्याचं रडणं, पांढरी साडी... एखाद्याला तरी उन्हात भेटावं! मला भेटलं ते भर दुपारी. भेटलं म्हणजे — ऐका तर.

माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. आमचे वडील अंगात आलेल्या बाईला म्हणायचे, "बस, चहा घे, बरं वाटंल." त्यांची लेक मी. शाळा चौथीपर्यंत, पुढचं वाचन वाण्याच्या पुड्यांच्या कागदावर झालं. पण डोकं जागेवर होतं.

साल बहात्तरचं, दुष्काळाचं. माझं माहेर संगमनेरकडं, प्रवरेच्या काठाला. सासर सावेडीत. आजची सावेडी डोळ्यांपुढं आणू नका — फ्लॅट नव्हते, रिक्षा नव्हत्या. नगरच्या बाहेरचं खेडं, सगळी शेतं, आणि त्या वर्षी शेतात नुसती ढेकळं. आमच्या घरापासून थोड्या अंतरावर निजामशाहीतला महाल होता. आठ कोनांचा, तळ्याच्या मधोमध बांधलेला. त्या साली तळ्यात पाण्याचा टिपूस नव्हता, तळाला भेगा पडलेल्या, त्यामुळं सरळ चालत आतपर्यंत जाता यायचं. पण जात कोणी नव्हतं. भर बाराला तिथं बाई असते म्हणायचे. कोणी म्हणे बेगम, कोणी म्हणे तिची दासी. गुराखीसुद्धा उन्हं कलल्याशिवाय तिकडं जनावरं नेत नसत.

त्या उन्हाळ्याच्या आधी माझं पहिलं मूल गेलं. आठव्या महिन्यातच झालं, आणि रडलंच नाही. मला शुद्ध आली तोवर नेलं होतं. तोंड बघायला मिळालं नाही... आणि नंतर घरात त्याचा शब्द कोणी काढला नाही. छळ नव्हता हो, खोटं कशाला बोलू. आमचे मालक ट्रकवर, महिना महिना बाहेर. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पहाटे दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या आणि दिवस बुडताना यायच्या, भाकरी खाऊन भिंतीकडं तोंड करून झोपायच्या. हळदीकुंकवाला बायका मला टाळून पुढच्या दाराला जायच्या. दिवसभर मी आणि दोन शेळ्या. कधी कधी माझाच आवाज ऐकून मी दचकायचे.

मालकांना म्हटलं, माहेरी धाडा. ते म्हणाले, "दुष्काळ सरू दे." सरेना. मग एक दिवस मी ठरवलं, न विचारता जायचं. याचा अर्थ काय ते सांगते. आमच्या चुलत जावेनं असंच केलं होतं. तिला परत घेतलीच नाही. वर्षाच्या आत तिच्या चुलीपुढं दुसरी बसली. म्हणजे मी निघाले ती संसार सोडूनच. मला ते कळत होतं. तरी निघाले.

शेळ्या आत बांधल्या, त्यांच्यापुढं पाणी ठेवलं, दोन लुगडी पिशवीत कोंबली, दाराला कडी घातली. रस्त्यानं गेले असते तर कोणीतरी हटकलं असतं, म्हणून महालाच्या अंगानं निघाले. ऊन असं की पाय भाजत होते. महालाच्या पायरीवर सावली होती, तिथं टेकले. भीती? छे. रडू येत होतं, भीतीला जागाच नव्हती.

थोड्या वेळानं उठले, पिशवी उचलली. घरातून निघताना कोणाला सांगितलं नव्हतं ना... पण जिभेला सवय असते. त्या दगडी भिंतीलाच म्हणाले, "जाते गं बाई."

आतून आवाज आला, "जाते म्हनू न्हाई. येते म्हनावं."

घोगरा नाही, खोल नाही, काही नाही. सुपात ज्वारी निवडणारी बाई मान वर न करता जशी पोरीला टोकते ना, तसा. जरा वैतागलेला. आणि मी काय केलं असेल? म्हणाले, "चुकलं. येते."

चार पावलं पुढं गेले आणि मग अंगावर काटा आला.

मागं फिरले, आत गेले. आत सावली आणि कबुतरं. कमानींतून आरपार दिसत होतं. चहूकडं भेगाळलेलं तळं, लपायला झुडूपसुद्धा नाही. वर जायचा जिना मातीनं भरलेला, त्यावर कबुतरांच्या घाणीचे थर, कोणाचं पाऊल उमटलेलं नाही. "मावशी?" म्हटलं. का मावशी म्हटलं, देव जाणे. कोणी ओ दिली नाही.

एसटी स्टँडकडं जाता आलं असतं. पण तोंडातून ‘येते’ निघून गेलं होतं, आणि ते कोणीतरी ऐकलं होतं. तू परत ये असं मला त्या सबंध वर्षात कोणी म्हटलं नव्हतं. मी घराकडं वळले.

दारात आत्याबाई! पाण्याचा टँकर आला नाही म्हणून काम लवकर सुटलेलं.

"कुठं गेल्तीस?"

"शेळ्या चारायला."

मेल्या शेळ्या नेमक्या तेव्हाच आतून ओरडल्या. आत्याबाईंनी पिशवीकडं बघितलं.

"पिशवीत घालून नेल्त्यास व्हय?"

मला हुंदका फुटला. सगळं सांगून टाकलं. माहेरचं, महालाचं, आवाजाचं. वाटलं आता लिंबू उतरवतील, गाव गोळा करतील, नाहीतर भावाला बोलावून पाठवणी करतील. त्यांनी एवढंच विचारलं, "मंग तू काय म्हनलीस तिला?"

"येते म्हनले."

त्यांनी श्वास सोडला. रांजणातलं तांब्याभर पाणी आणून माझ्या पायांवर ओतलं. त्या दिवसांत पायावर तांब्याभर पाणी म्हणजे काय, ते तुम्हा नळवाल्यांना कळायचं नाही. मग भाकरी वाढली. मी खाली मान घालून खात होते, तर म्हणाल्या,

"नाक तुज्यावर गेल्तं त्याचं."

तेवढंच. पण त्या दिवशी मला माझ्या मुलाचं नाक मिळालं.

दुसऱ्या दिवशी मी महालात गेले — येते म्हटलं होतं ना. पाऊस पडेपर्यंत रोज दुपारी जाऊन बसायचे, काहीबाही बोलायचे. पुन्हा आवाज आला नाही. मालकांना सांगितलं तर हसले, "अगं, निजामशाहीतली बेगम आसती तर उर्दूत झापलं आसतं तुला. ही तर आपल्या सावेडीची दिसती!" ते हसण्यावारी गेलं, पण मला अजून तेच कोडं आहे. आत्याबाईंना कितीदा विचारलं, "तुमाला ठाव हुती का ती? तुमी बी बोलला हुता का तिच्याशी?" दर वेळी उत्तर एकच, "भाकर करपती बघ." न सांगताच गेल्या.

वाऱ्याचा आवाज म्हणा, उन्हाची भोवळ म्हणा, माझंच मन म्हणा. मी सगळं म्हणून बघितलंय. बसत नाही.

आता मालक नाहीत, मुलं पुण्याला. शेजारी चांगले आहेत, पण दारं बंद असतात. सावेडीत कोणालाही विचारा, घर दाखवतील. लवकर या. दुपारचंच या, इथं दुपार लई मोठी असते, आणि मी काही झोपत नाही.