वहिनींच्या मागचा डंपर

तिचं घर रस्त्याच्या एका टोकाला आणि ती कामाला जायची ती इस्पितळाची लाँड्री दुसऱ्या टोकाला. मधला रस्ता म्हणजे निव्वळ बोळकांडी. जाताना डाव्या अंगाला सरळसोट कातळ, उजवीकडे कालवा. दोन मोठ्या गाड्या समोरासमोर आल्या की आरसे मिटून घ्यावे लागत. त्यात खडीच्या खाणीचे डंपर दिवसभर ये-जा करायचे, आणि त्यातला एक तिचा नवरा चालवायचा.

हिवाळ्यात त्या कातळाशी एका वॉचमनची सायकल डंपरखाली गेली. माणूस वाचला, पाय गेला. चाकाखालची सायकल उपसून काढणाऱ्यांत तिचा नवरा होता. घरी आला तो ताटावर बसलाच नाही, मोरीत हात धूत राहिला.

"उद्यापासून सायकल बंद," म्हणाला.

"मग जाऊ कशी? तुमच्या डंपरात?"

"कंपनी बाहेरचं माणूस बसू देत नाही."

"म्हणजे घरी बसू?"

त्याला तेच म्हणायचं होतं. पण तिचा पगार त्या घराला हवा होता, हे त्यालाही ठाऊक. आणि तिचं म्हणाल तर सायकलवरचा तेवढा वेळच काय तो तिचा. घरात सासू, लाँड्रीत वाफ आणि मुकादम. ओल्या चादरी तापल्या रुळात घालायच्या, पलीकडून ओढायच्या, घड्या घालायच्या, आणि सारखी कुणाची तरी हाक. सायकलवर हाक मारणारं कुणी नव्हतं. ती मनाला येईल तसं पायडल मारायची, कधी कालव्यातल्या बदकांना शिव्याही द्यायची.

नवऱ्यानं मग आपल्या डोक्यानं तोड काढली. ती कातळाशी वळली, की मागून गुरगुर यायची. तिच्या मागे पंधरावीस हातांवर त्याचा डंपर. पुढे जायचा नाही, कुणाला जाऊ द्यायचा नाही. ती जोरात गेली की तो जोरात, ती थांबली की तो थांबे. मागे गाड्यांची शेपटी लागायची, भोंगे, शिव्या. मानेवर सतत गरम श्वास टाकणारं जनावर मागे ठेवून सायकल चालवून बघा, म्हणजे कळेल.

लाँड्रीच्या फाटकाशी मुकादम हसायचा, "आली, बाईंची मिरवणूक आली!"

सासूला मात्र कौतुक. "नशीब काढलंस. तुझे सासरे दहा पावलं पुढं चालायचे. मी मागं पडून हरवले असते तरी घरी पोचल्यावर कळलं असतं."

"तेच बरं होतं, आई."

"तोंड बघा हिचं!"

एके सकाळी नवऱ्याचा डंपर गॅरेजला गेला. ती खुशीत निघाली. कातळाशी वळली आणि मागे गुरगुर. वळून पाहिलं तर दुसराच डंपर, दुसराच माणूस. तिनं हातानं पुढे जा म्हटलं. त्यानं खिडकीतून मुंडी बाहेर काढली.

"नाही वहिनी, तुम्ही चला. भाऊंनी बजावलंय."

"काय बजावलंय?"

"वहिनी दिसल्या की मागं राहायचं. पुढं कोण गेला तर गाठ माझ्याशी, म्हणालेत."

ती उतरून कातळाला टेकली. "जा म्हणते ना!"

"तुम्ही निघाल्याशिवाय कसा जाऊ? मला काय मार खायचाय?"

मागे भोंग्यांचा गिल्ला झाला. निघावंच लागलं तिला. म्हणजे आता नवरा नसला तरी रस्ताभर नवराच होता. आणि संध्याकाळी परतताना तिनं बघितलं, तोच मुंडीवाला एका भाजीवालीच्या सायकलला असा खेटून गेला, की तिच्या पाटीतली कोबी कालव्यात. तिनं घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "ती मधनं चालत असेल."

तिनं मग आपली एक शक्कल लढवली. तिच्या सायकलला मागे रुंद पाटी होती, अंगात हिरवं जाकीट असायचं. डंपरवाले त्यावरूनच ओळखत. त्याच रस्त्यानं येणाऱ्या लाँड्रीतल्या मैत्रिणीशी तिनं संध्याकाळी दोन्ही बदलून घेतलं. दुसऱ्या सकाळी मैत्रिणीच्या नवऱ्याचा जुना खाकी कोट, डोक्यावर टोपी, दांडीची सायकल. निघाली. मागे कोणी नाही. अर्धा रस्ता अशी गेली की बदकांनाही शिवी द्यायचं विसरली.

मग मागून भोंगा. लांबलचक, दाबून धरलेला. जायचं कुठे? डावीकडे कातळ. डंपर आला तो थेट खांद्याशी, वारा अंगावर, कोटाची बाही दगडाला घासून फाटली, कोपर सोलवटलं. सायकल आडवी झाली. पुढे गेलेल्या डंपरच्या मागच्या फळीवर तिनंच रंगवलेलं फूल होतं.

लाँड्रीत मैत्रीण हिच्या हिरव्या जाकिटात हसत आली. "अगं, मला तर राणीसारखं आणलं! एक डंपर आणि मागं सगळा बाजार!"

हिला हसू येईना.

संध्याकाळी नवरा चहा पीत बसला होता. तिनं बाही वर केली.

"कुठं पडलीस?"

"कातळाशी. सकाळी एका खाकी कोटवाल्याला भोंगा मारलात ना?"

"तो बाबा? हलतच नव्हता. मधनं चाललेला–"

बोलता बोलता त्याचं लक्ष खुंटीवरच्या फाटक्या कोटाकडे गेलं. कपातला चहा लुंगीवर सांडला, तरी त्याला भाजलं नाही.

"मधनं नव्हते मी," ती म्हणाली. "कडेलाच होते."

सासू आतून ओरडली, "काय झालं रे?"

दुसऱ्या दिवसापासून त्याची पंचाईत झाली. त्याला सायकल दिसली की पुढे जाताच येईना. म्हातारा असो, शाळामास्तर असो, टोपीखाली कोण आहे याची खात्री कशी करायची? खाणीच्या साहेबानं तंबी दिली, आणखी एकदा गाडी उशिरा आली तर दगड फोडायच्या क्रशरवर टाकीन, दिवसभर धूळ खात बस. क्रशरवर गेलेला माणूस पुन्हा रस्त्यावर येत नाही, हे सगळ्या खाणीला माहीत.

तंबीच्या दुसऱ्या सकाळी ती आपल्याच सायकलनं निघाली. कातळाशी वळते तर रस्ता तुंबलेला. सगळ्यात पुढे एक म्हातारा माळी, गवताचा भारा घेऊन सायकलवर डुगडुगत. त्याच्यामागे नवऱ्याचा डंपर, आणि मागून लोक आईमाई काढत होते. गाड्यांच्या फटीतनं वाट काढत ती डंपरपर्यंत आली, आणि थांबली. कातळ आणि चाक यांच्यामध्ये जेमतेम हँडल मावलं असतं. तिथं गेलेलं माणूस आतून दिसत नाही, हे त्यानंच तिला शिकवलं होतं.

"अहो!" ती ओरडली. इंजिनाच्या धडधडीत ऐकू कसं जाणार?

लांबून लाँड्रीचा कामाला लागायचा भोंगा झाला. धूर तोंडावर घेत ती फळीवरच्या फुलामागे एकेक पाऊल सरकत राहिली.