बिरागोच्या उखळाशी बसणारा पाहुणा

घानामधल्या कुमासी शहराच्या बंतामा भागातल्या त्या गल्लीत एके काळी बायका तोंडावर हात धरून सांगायच्या, की आकुआ बिरागोच्या घरी रोज संध्याकाळी रानातला बुटका येतो. उलट्या पावलांचा. तिच्या उखळाशी बसतो, फुफूचा गोळा फिरवून देतो, पोटभर जेवतो आणि भिंतीवरून उडी मारून जातो. कुणी म्हणायचं त्याला लाल दाढी आहे, कुणी म्हणायचं काळी. पाहिला कुणीच नव्हता, त्यामुळे वर्णन करायला काही अडचण नव्हती.

बिरागो कुमासीच्या बाजारात कापड विकायची. नवरा वारलेला, मुली लग्न होऊन आक्राला गेलेल्या. सामाईक अंगणाच्या घरात तिच्या दोन खोल्या होत्या आणि अंगणाच्या मधोमध तिचं उखळ. फुफू काही एकटीचं काम नव्हे. एकीनं उभं राहून ते उंच मुसळ घालायचं, दुसरीनं खाली बुटक्या बैठकीवर बसून शिजलेल्या कसाव्याच्या कंदांचा आणि कच्च्या केळ्यांचा गोळा हातानं फिरवायचा आणि मुसळ खाली यायच्या आत हात काढून घ्यायचा. मुसळ बिरागोचं, हात समोरच्या खोलीतल्या याआ दूफी शिंपिणीचा. संध्याकाळी पहिला धप्प आवाज झाला की दूफी शिलाई टाकून हात धूत यायची. बोलवावं लागतच नसे.

"जरा हळू गं! बोटं माझी आहेत."

"मग कालवणाला चव कुठून यायची?"

आणि मग दोघी एकाच भांड्यात हात घालून जेवायच्या.

पुढे बिरागोचा धंदा बरा चालला आणि घरात वस्तू यायला लागल्या. आधी फ्रीज आला. उरलेलं कालवण पूर्वी शेजारी जायचं, ते आता आत राहायला लागलं. कपडे धुण्याचं यंत्र आलं आणि नळावरचं बसणं संपलं, म्हणजे गल्लीच्या निम्म्या बातम्या संपल्या. मोठा टीव्ही आला. एवढ्या वस्तू झाल्यावर चोराची भीती आली, म्हणून आपल्या खोल्यांभोवती तिनं भिंत घातली, फाटक लावलं. उखळ तिचंच, तेही भिंतीच्या आत आलं. कुणाशी भांडण नाही, तंटा नाही. जो तो म्हणाला, "बिरागोनं नशीब काढलं!"

शेवटी आलं फुफूचं यंत्र. बटण दाबलं की गोळा तयार. त्या संध्याकाळी दूफी सवयीनं ओले हात झटकत आत आली, तर हिनं खुर्ची पुढे केली.

"बस तू. आजपासून तुझ्या हाताला सुट्टी!"

दूफी बसली. तिच्यापुढे वेगळं भांडं आलं. ती थोडंसं जेवली, हाताकडे बघत राहिली आणि म्हणाली, "छान झालंय गं. अगदी मऊ." दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ज्या फुफूत आपला हात नाही ते रोज उठून खायला जायचं कसं? पण असलं काही तोंडानं बोलायची पद्धत नव्हती.

बिरागोला कळेना. 'मी तर तिला बस म्हटलं, वाढलंसुद्धा. मग रुसली कशाला?'

जेवताना सोबतीला तिनं मोबाईल धरला. एकदा फाटक उघडं होतं, तेव्हा गल्लीतले म्हातारे नाना बोआदू जाता जाता म्हणाले, "काय बिरागो, जेवण चाललंय?" उजवा हात फुफूत, तर हिनं मोबाईलसकट डावा हात उंचावून हलवला. नाना जागच्या जागी थिजले.

"डाव्या हातानं?" ते काठी आपटून म्हणाले. "तुझ्या आईनं मला कधी डाव्या हातानं पाणी दिलं नाही, बये!"

ती उठून फाटकापर्यंत धावली. नाना केव्हाच वळणापार. तेव्हापासून तेही त्या बाजूनं जाईनात. बिरागो खोलीत उभी राहून एकेका वस्तूकडे बघायची. एकही वाईट नव्हती. प्रत्येकीनं आपलं काम चोख केलं होतं. मग चुकलं कुठं?

एका संध्याकाळी उखळावरची धूळ पुसताना तिनं उगाच मुसळ उचललं आणि एकदा घातलं. ठक्क! भिंतीपलीकडच्या बायका बोलायच्या थांबल्या. बिरागोला वाटलं, एवढ्यात दूफी येईल. पण आवाज कोरडा पडला होता. तिनं त्यावर उपाय केला आणि आवाज पुन्हा पूर्वीसारखा धप्प यायला लागला. मग रोज.

भिंतीपलीकडे वेगळंच शिजलं. यंत्र असताना ही कांडते का? आणि मुसळाचा आवाज येतोय म्हणजे फिरवणारं कुणीतरी हवंच. फाटकातून तर कुणी जात नाही. मग बुटकाच! बायका त्या भिंतीजवळून जाईनाशा झाल्या. दूफी मात्र बुटक्यावर हसली आणि शिलाईत मान घालून बसली. तिला वाटत होतं, बिरागोला दुसरी कुणीतरी मिळाली.

असं बरेच दिवस चाललं. हिला कळेना, आवाज ऐकून दूफी येत कशी नाही. तिला कळेना, ही मला ऐकवून ऐकवून कांडते कशाला. एका संध्याकाळी दूफीला राहवलं नाही. तिनं फाटकावर थाप मारली आणि उघडताच आत घुसली.

"कुठाय ती? माझ्या बैठकीवर कोण बसवलंयस, बघू दे!"

"कुणी नाही गं."

"कुणी नाही? आणि कांडतेस काय, वारा?"

 दूफी वाकली, उखळात हात घातला, तो तसाच बाहेर काढला आणि बिरागोकडे वळली.

"हे काय गं?"

"मला तरी कुठं कळतंय?" बिरागो म्हणाली. "तू पूर्वी आवाज ऐकून यायचीस."

 दूफीनं पायानं बुटकी बैठक ओढली आणि बसली. कसावा शिजलेला नव्हता, चूल पेटलेली नव्हती. काय करायचं ते दोघींनाही सुचेना.

गल्लीत बुटक्याची गोष्ट अजून सांगतात. बुटका नव्हता. उखळात धप्प आवाजासाठी घातलेलं एक ओलं फडकं होतं आणि ते फिरवायला कुणीही येत नव्हतं.